लाल मातीचे बटाटे

३ फेब्रुवारी

आत्या,

पाकीट बघून तू पहिल्यांदा म्हणणार, "आता काय हवंय याला?" म्हणून आधीच सांगून टाकतो: हवंय. तुझ्या घरात फोनला रेंज येत नाही, त्यामुळे खेचरवाल्याच्या हाती पत्र धाडतोय. तो पोचवेल, आणि पोचवण्याआधी वाचेलही, त्याला माझा नमस्कार.

आमच्या संस्थेनं यंदा एप्रिलअखेर 'डोंगरातलं ताट' नावाचं प्रदर्शन ठरवलंय. शाश्वत शेती, आपल्याच भागात पिकलेलं अन्न, असा विषय आहे. मीटिंगमध्ये सगळे नुसते आकडे सांगत होते. मी तुझ्या वरच्या शेताबद्दल सांगितलं, चार तासांची चढण, तिथली थंडी, तेच ते बारीक गोल बटाटे, बियाणं दरवर्षी घरचंच, बाहेरून काही आणायचं नाही. आमच्या संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हेच तर आपण शोधतोय!"

तर मला तीन पोती बटाटे हवेत. सोबत एक फॉर्म आहे, बेचाळीस प्रश्नांचा. एप्रिलच्या सुरुवातीला आमची चार माणसं कॅमेरा घेऊन वरच्या शेतात येतील. तुला फक्त उभं राहायचंय. तुझा फोटो आम्ही भिंतीएवढा लावणार आहोत.

रागावू नकोस. रागावलीस तरी फॉर्म भर.

तुझा ढब्बू


१४ फेब्रुवारी

ढब्बूसाहेब,

मुलगा शहरात जाऊन साहेब झाला हे ऐकून होते. आता कागदावर बघितलं. बेचाळीस प्रश्न! मला लग्नाच्या वेळीसुद्धा इतके विचारले नव्हते, आणि तिथे तर सासू होती.

प्रश्न सातवा: 'आपण मातीशी संवाद साधता का?' साधते बाबा. फावडं मोडलं की साधते. काय बोलते ते तुझ्या मॅडमसमोर सांगण्यासारखं नाही.

प्रश्न बारावा: 'शेतापर्यंत चालण्यात वाया जाणारा वेळ.' वाया? तुम्ही लोक बंद खोलीत पट्ट्यावर धावता, जागच्या जागी, आणि घाम पुसून वर पैसे देता. तो वेळ कुठल्या रकान्यात लिहिता ते कळव, मी त्याच्या शेजारी माझा लिहीन.

प्रश्न एकोणिसावा: 'कचऱ्याची विल्हेवाट.' आमच्याकडे कचरा तुमचं पाकीट आल्यावर पहिल्यांदा झाला. चुलीत घालून विल्हेवाट लावणार होते, पण मास्तरणीनं वाचवला.

तिलाच 'शाश्वत'चा अर्थ विचारला. ती शेजारीच राहते, शाळेत तिसरी-चौथी शिकवते. म्हणाली, कायम टिकणारं. म्हटलं, छान. तुमच्या संस्थेचं नाव तीन वर्षांत दोनदा बदललंय, आणि तुम्ही मला टिकायला शिकवणार!

एकेचाळिसावा प्रश्न, 'आपल्यानंतर ही शेती कोण पुढे नेणार?', तेवढा कोरा ठेवलाय. पेनातली शाई संपली होती.

वरचं शेत मजेत आहे. परवाच जाऊन आले. बांधाचे दोन दगड निसटले होते, ते बसवले. तिथे मी आहे, थंडी आहे आणि बटाटे आहेत, चौथ्याला जागा नाही, आणि तुझ्या चार माणसांना तर मुळीच नाही. फोटो काढायचा तर शहरात एखादी म्हातारी धरून आण, तिच्या हातात फावडं दे. कुणाला काही कळणार नाही.

एक पोतं पाठवते. तीन मागायला तुझ्या बापानं कधी वर येऊन खणलं होतं का?

आत्या


१ मार्च

आत्या,

पोतं पोचलं. तुझा फॉर्मही पोचला, आणि एक वाईट बातमी आहे: मॅडमना तो फार आवडला. सासूचं वाक्य तर त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. तू अपमान करायला जातेस आणि लोक टाळ्या वाजवतात, याला मी काय करू?

पण खरी गंमत पुढे आहे. प्रदर्शनासाठी एका मोठ्या हॉटेलातला आचारी ठरवलाय. त्यानं तुझे बटाटे नुसते मीठ घालून उकडले. एक घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडेचनात. आम्हाला वाटलं घशात अडकलं. मग म्हणाला, "हा नैसर्गिक गोडवा! हे फक्त उंचावर होतं. ही चव विकत मिळत नाही." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही खाल्ले. छान होते. लहानपणी लागायचे तसे लागले नाहीत, पण मी आता मोठा झालोय, म्हणून असेल.

तर उरलेली दोन पोती पाठवच. आणि माणसं पाच एप्रिलला निघतायत. नाही म्हणू नकोस, गाडी ठरलीय.

ढब्बू


९ मार्च

ढब्बू,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की मास्तरीण पळत आली. तिला वाटलं मला काहीतरी झालं.

डोळे मिटून खाल्लं म्हणे! उघडे ठेवून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. जन्मभर खाण्यावर पोट भरणारा माणूस, टोपी एवढी उंच घालत असेल, आणि जीभ कुठे गहाण टाकलीय कोण जाणे. 'ही चव विकत मिळत नाही.' वा! त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क दे. आणि तुझ्या मॅडमना सांग, बटाट्यावर रडायचं नसतं, कांदा वेगळा असतो.

तुमच्या त्या खोलीत किती जण होते? आठ? दहा? सगळे शिकलेले ना? आणि त्यात माझा भाचा, जो वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत दर सुट्टीत वरच्या शेतात लोळायचा. तो म्हणतो, मी मोठा झालोय म्हणून असेल. मोठा झालास हे कुणी सांगितलं तुला?

माणसं पाठवू नकोस. रस्ता खचलाय. दुसऱ्या वळणावर तर जायचंच नाही. पोती नाहीत. आणि आता या विषयावर मला पत्र नको.

आत्या


१७ मार्च

आत्या,

या विषयावरच पत्र आहे.

प्रदर्शनाच्या फोटोसाठी बटाटे धुवायचे होते. शिपाई रजेवर, म्हणून मी बाह्या वर करून ऑफिसच्या बेसिनमध्ये धुवायला घेतले. पाणी लाल झालं. दुसऱ्यांदा धुतले, पुन्हा लाल.

मी तिथेच उभा राहिलो. वरच्या शेताची माती काळी आहे. कोळशासारखी काळी. सुट्टी संपवून घरी गेलो की आई माझे गुडघे दगडानं घासायची, तरी आठ दिवस काळे राहायचे. लाल माती तुझ्या घराच्या मागच्या वाफ्यात आहे. आणि त्या वाफ्यात पोतंभर बटाटे होत नाहीत, कोथिंबीर होते.

मग नीट बघितलं. मोठे, लांबट, गुळगुळीत. डोळे उथळ. आपले बटाटे असे कधी होते? खालच्या बाजारातले, शीतगृहातले बटाटे आहेत हे, आणि तू त्यांना परसातली माती फासून पाठवलेस. हाताने. एकेकाला. बसून.

दोन पत्रं भरून माझी अक्कल काढलीस. पट्ट्यावर धावतो म्हणालीस. माझ्या संस्थेला नावं ठेवलीस. म्हातारीच्या हातात फावडं द्या, कुणाला कळणार नाही, असं मलाच लिहिलंस! आणि स्वतः काय केलंस? आम्ही निदान खोटं छापतो, तू तर खोटं पोत्यात भरून वर सुतळीनं शिवलंस.

आचाऱ्याला हसलीस ते मला मान्य आहे. मला हसलीस तेही. पण मला एकच सांग, वरच्या शेतात काय चाललंय? आणि बियाणं कुठे आहे?

मी अजून कुणाला काही बोललेलो नाही. माणसं थांबवलीयत.

ढब्बू


४ एप्रिल

ढब्बू,

अठरा दिवस उत्तर दिलं नाही. खेचरवाला रोज दारात येऊन विचारायचा, "काही द्यायचंय का?" त्याला आज सकाळी शिव्या दिल्या, दुपारी बोलावून घेतलं.

धुवायला तुला कुणी सांगितलं होतं? शहरातले लोक स्वतः कधीपासून भांड्याला हात लावायला लागले? मला वाटलं होतं आचाऱ्याचा नोकर धुवेल, आणि नोकराला काय माहीत आपली माती कुठल्या रंगाची. तू धुशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिथे चुकले.

मी दोन वर्षं वर गेलेली नाही. परवा जाऊन आले, दगड बसवले, सगळं खोटं. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या वळणावर पडले. डाव्या खुब्यात काहीतरी सरकलं ते सरकलंच. अंगणापर्यंत काठी घेऊन जाते. अंगणाच्या पुढे चढ आहे. कुणाला सांगितलं नाही. मास्तरणीला माहीत आहे, कारण तिनंच उचललं. खेचरवाल्याला माहीत आहे, कारण त्याला सगळंच माहीत असतं. तुला सांगितलं नाही, कारण तू फॉर्म घेऊन आला असतास.

बटाटे गोड लागले ना? कुठलाही बटाटा सहा महिने शीतगृहात कुडकुडत ठेवला की गोड होतो. तुझ्या आचाऱ्याला सांग, उंचावरची चव म्हणजे बर्फाच्या कारखान्याची चव. आपला बटाटा गोड नसतो. पिठूळ असतो, घशात बसतो, पाणी मागतो. तुला वेगळा लागला तो मोठा झालास म्हणून नाही. तुझी जीभ तेवढी शाबूत राहिलीय, बाकीचं मला माहीत नाही.

आता बियाणं. पडायच्या आधी शेवटचं खणून आणलेलं दोन टोपल्या होतं. परसातल्या वाफ्यात लावलं, दुसरं काय करणार? पण खाली ऊब आहे. उबेत पानांवर मावा पडतो, रस पितो, आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याला देतो. वर त्या थंडीत मावा जगत नाही, म्हणून तर माझी आजी बियाणं चार तास चढून नेत होती. हौस नव्हती तिला. तुमच्या फॉर्मात त्याला वेळ वाया घालवणं म्हणतात.

पहिल्या वर्षी बटाटे लहान झाले. दुसऱ्या वर्षी बरीच पानं वळली, आणि खणलं तेव्हा एकच टोपली निघाली. त्यातलेही निम्मे गोट्यांएवढे. आता खिडकीशी ठेवलेत. यंदा पुन्हा खाली लावले तर पुढच्या वर्षी खिडकीशी ठेवायला काही उरणार नाही. हे बियाणं आता दुसऱ्या कुणाकडे नाही. सगळ्यांनी सोडलं, खालच्या बाजारातलं मोठं गुळगुळीत धरलं. मी त्या सगळ्यांना तीस वर्षं हसले. आता ते मला हसतील, आणि त्यांना हक्क आहे.

लावणी एप्रिलच्या शेवटी व्हायला हवी. हे मी तू मदत करावीस म्हणून लिहीत नाही. तू विचारलंस बियाणं कुठे आहे, म्हणून सांगितलं. खिडकीशी आहे.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

वीस तारखेला येतोय. एकटा. कॅमेरा नाही, फॉर्म नाही. प्रदर्शनातून तुझं नाव काढलं. मॅडमना सांगितलं की पीक बुडालं. तीन आठवड्यांची रजा मागताना म्हटलं आत्या अंथरुणाला खिळलीय. खोटं बोलायला चांगल्या ठिकाणी शिकलोय.

"मदत नको" हे पुन्हा लिहू नकोस, टपाल पोचेपर्यंत मी गाडीत असेन.

ढब्बू


२२ एप्रिल, वरच्या शेतातल्या खोलीतून

आत्या,

घरी तू माझ्याशी मोजून तीन वाक्यं बोललीस: "वाळलास", "टोपली तिथे आहे" आणि "अंधार व्हायच्या आत पोच". पत्रात बरी बोलतेस. म्हणून ही चिठ्ठी खेचरवाल्याच्या हाती. तो म्हणतो आता रोज खाली-वर करीन, त्याला आपलं नाटक बघायचंय.

पोचलो. मध्ये नऊ वेळा बसलो. पट्ट्यावर धावण्याबद्दल तू लिहिलं होतंस ते सगळं मागे घेऊ नकोस, खरं आहे. शेतात गवत कमरेएवढं आहे. काल आणि आज सकाळी मिळून पाऊण भाग मोकळा केला, हाताला फोड आलेत. माती काळीच आहे.

एक चांगलं काम केलं. टोपली निवडली. वरचे बरेचसे बटाटे हिरवे पडले होते, कोंबही फुटले होते. हिरवा बटाटा विषारी असतो, आमच्या माहितीपत्रकात मीच लिहिलंय. ते सगळे ओढ्याच्या उतारावर फेकून दिले. तळातले पांढरे, स्वच्छ तेवढे ठेवलेत. उद्या लावतो.

ढब्बू


२२ एप्रिल, संध्याकाळ

अरे गाढवा!

हिरवे फेकलेस? मी ते दीड महिना खिडकीशी उजेडात ठेवून हिरवे केलेत! बियाण्याचा बटाटा हिरवाच करायचा असतो, म्हणजे तो कडक होतो, उंदीर तोंड लावत नाही, कोंब जाड धरतो. विषारी आहे तो खाणाऱ्याला! तू तो खायला नेला होतास का? तळातले पांढरे म्हणजे उजेड न लागलेले, आळशी, तुझ्यासारखे.

माहितीपत्रकात मीच लिहिलंय म्हणे! तुमच्या त्या कागदानं किती जणांची बियाणी उतारावरून घालवली असतील देव जाणे. दोन वर्षं मी त्या टोपलीवर जीव लावून बसले, उंदरापासून वाचवली, उबेपासून वाचवली, आणि भाच्यापासून वाचवायचं राहून गेलं!

कपाळाला हात लावून बसलेय. हिरवे ठेवायचे हे सांगायचं असतं, हेच मला सुचलं नाही. आमच्यात हे कुणी कुणाला सांगत नाही.

आत्ता ऊठ. हे वाचशील तिथून ऊठ आणि उतारावर जा. एकेक शोध. कोंब मोडला असेल तरी उचल, दुसऱ्या डोळ्यातून फुटेल. ओढ्यात पडलेला असेल तर ओढ्यात उतर. सगळे मिळाले नाहीत तर खाली येऊ नकोस. तिकडूनच शहरात जा.

खेचरवाल्याला आजच परत वर पाठवतेय. त्यानं कुरकुर केली. त्यालाही ऐकवलं.


२४ एप्रिल

आत्या,

दोन दिवस चार पायांवर होतो. काट्यांत, दगडांच्या कपारीत, ओढ्याच्या पाण्यात. खेचरवाला उतरून मदतीला आला आणि अख्खा वेळ हसत होता. एकशे ऐंशी मिळाले. किती होते ते तुला माहीत असणारच.

कोंब मोडलेले पन्नासेक आहेत. सगळे लावले, पांढऱ्यांसकट. डोळे वर, वीतभर अंतर, तू लहानपणी मला खडे लावायला देऊन ओरडून शिकवलं होतंस तसं. ते आठवलं, हिरवं बियाणं मात्र कधी बघितलंच नव्हतं, कारण सुट्टीत आम्ही यायचो तेव्हा लावणी झालेली असायची. हे निमित्त नाही. चूक माझी आहे. लिहिताना लाज वाटतेय.

माहितीपत्रकाचं तू म्हणालीस ते डोक्यातून जात नाहीये.

ढब्बू


२५ एप्रिल

हिरवे एकशे शहाण्णव होते. सोळा गेले.

हातांना तेल लाव. ओढ्याकडच्या बाजूला दगड रच, रानडुक्कर तिथून येतं. तिथेच राहा.


१२ जून

आत्या,

रजा संपून महिना झाला. बिनपगारी वाढवून घेतलीय, मॅडमना वाटतं तू शेवटचे दिवस मोजतेयस. फुलं पाठवू का म्हणून विचारत होत्या.

झाडं गुडघ्याएवढी झाली. पण माझा जीव टांगणीला लागलाय. काही झाडांची पानं वाटीसारखी वर वळलीयत. काही सपाट आहेत. काही मधल्यामध्ये. कुठलं रोगट, कुठलं नुसतं तहानलेलं, मला कळत नाही. रोगट उपटायला हवीत हे कळतं. चांगलं उपटलं तर? एक पान सोबत पाठवतोय.

ढब्बू


१३ जून

पान पोचेपर्यंत वाळलं. वाळलेलं पान वळणारच. तुझं वर्णन म्हणजे तुमच्या फॉर्मासारखं आहे, सगळं लिहिलंय आणि काही कळत नाही. 'मधल्यामध्ये' म्हणजे काय? बोटात धरलं की कडकड वाजतं की मऊ लागतं? खालची पानं आधी वळली की वरची?

काहीही उपटू नकोस. हात लावू नकोस.


१४ जून

आत्या, थोडं वाजतं. बहुतेक. मला वाटतं वाजतं.

खेचरवाला म्हणतोय त्याच्याकडचं म्हातारं खेचर अगदी शांत आहे. तो म्हणतोय, मी नाही.


१५ जून

त्या खेचरावर पोती चढतात. साठ वर्षं मी या डोंगरावर माझ्या पायांनी चढले, पोतं पाठीवर घेऊन चढले, आणि जे खेचरावर बसून जायचे त्यांना बघून तोंड फिरवलं. सगळं गाव दारात उभं राहील. दुकानदार तर गिऱ्हाईक सोडून बाहेर येईल.

उद्या पहाटे निघते. खेचरवाल्याला सांगितलंय, मला बांधायचं नाही, मी धरून बसेन. तू हसलास तर तिथल्या तिथे परत फिरेन.


१८ जून

ढब्बू,

वर मी काही बोलले नाही. चार तास पोत्यासारखी बसून आले होते, आणि शेतात उतरल्यावर तोंड उघडलं असतं तर दुसरंच काहीतरी बाहेर पडलं असतं. ते खेचरवाल्यासमोर नको होतं.

तुझ्या ओळी वाकड्या आहेत. इतक्या वाकड्या ओळी मी जन्मात पाहिल्या नाहीत. ज्या झाडांशी मी काठीनं खूण केली ती उद्याच मुळासकट उपट, खालचे बटाटेही काढ, आणि बांधाबाहेर जाळ. एक्केचाळीस आहेत. बाकीची पानं सपाट आहेत. पुढची दोन वर्षं असंच बघून उपटावं लागेल. बियाणं राहिलंय.

तुझी मॅडम फुलं पाठवणार असेल तर पाठवू दे. मी जिवंत आहे असं कळवून तिचा हिरमोड करू नकोस. मात्र ते हिरव्या बटाट्याचं माहितीपत्रक आधी बदलून घे, मग रजा वाढव.

तुझ्या त्या फॉर्माची कोरी नक्कल मास्तरणीनं तेव्हाच उतरवून ठेवली होती. ती आज आणून दिली. कोरा ठेवलेला एकेचाळिसावा प्रश्न, माझ्यानंतर शेती कोण नेणार तो, भरून सोबत पाठवतेय. तुझं नाव लिहिलंय. पेन्सिलीनं लिहिलंय. पुन्हा हिरवे फेकलेस तर खोडता येईल.

आत्या